काऊन बे

कामठीच्या घरी कूलरची खस बदलत होतो,
सत्तेचाळीस अंशांची दुपार.
पोरीनं मागून विचारलं,
बाबा, तुमच्या तारेवर कधी
दुसरंच कोणी बोललं होतं का?

संघमित्राचं काम मला ठाऊक नाही.
म्हणजे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सिग्नल्समध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला
न विचारणं चांगलं जमतं.
एवढं दिसतं की सुटीवर आली की फोन ती
कणकेच्या डब्यात ठेवते, झाकण घट्ट लावून.
आणि तिचे डोळे, रात्रभर केबल अंथरून आल्यावर
माझे पाय दिसायचे, तसे.

मी सांगितलं. बोललं होतं.
नाल्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे आमचेच तिघं,
मधे माझी तार. पाठीवरच्या रिळातून सोडलेली,
दगडाखाली दाबलेली, बाभळीला गाठ मारलेली.
अंधारात बोट फिरवून सांगायचो कुठं सोलली ते.
पहाटे तीनला आवाज आला,
रस्ता मोकळा आहे, गाड्या पुढे आणा.
नाव बरोबर. परवलीचा शब्द बरोबर.
आवाज जरा जास्तच स्वच्छ.
पलीकडे उमरेडचा वाळके होता,
त्याला शिवी दिल्याशिवाय वाक्य संपवता येत नसे.
मी म्हटलं, काऊन बे, जेवला का?
तार गप्प.
मग पुन्हा तेच, रस्ता मोकळा आहे.

गाड्या गेल्या नाहीत.
वाळके उजाडल्यावर सापडला.
उमरेडला त्याच्या घरी मीच गेलो.

पोर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,
आता तार नसते, बाबा.
समजा झिरो माइलचा दगड कोणी रातोरात उचलून
हिंगण्याला नेऊन ठेवला
आणि एकूणएक नकाशाला ते पटलं.
सगळे बरोबरच चालतात मग.
बरोबर चालत रणगाडे दलदलीत जातात,
डिझेलचे टँकर रिकाम्या माळावर थांबून राहतात,
पायदळ आपल्याच तोफांना
आपलाच पत्ता देतं.

म्हणजे एक गोळी न झाडता?

गोळी शेवटी सुटतेच, ती म्हणाली.
कुठे, तेवढं आम्ही बदलतो.

'आम्ही' म्हणाली
आणि लगेच भाकरीचा तुकडा मोडू लागली.
खाल्ला नाही. नुसताच बारीक करत राहिली.

लाइनमनचे कान, ऐकलं ते ऐकलं.
इतकी वर्षं मी त्या स्वच्छ आवाजाला शिव्या घातल्या,
त्याच्या नरड्यात किडे पडोत म्हणालो,
कन्हानच्या पुलावर, वाळकेच्या पोरीच्या लग्नात,
झोपेत सुद्धा.
आज पहिल्यांदा डोक्यात आलं,
त्यालाही घर असेल. ताटावरून अर्धपोटी उठत असेल.
बाप कूलरशी झटापट करत
काही विचारत नसेल.

आणि तिकडून कोणी काऊन बे म्हटलं तर, मी म्हटलं,
तुमच्या यंत्राला काय येतं?
सगळं येतं, बाबा.
जेवलो म्हणतं. काय जेवलो तेही सांगतं.

ती गेली. तिसऱ्या रात्री फोन वाजला.
बाबा, पोचले. कूलर पाणी ओढतो ना नीट?
आवाज स्वच्छ.
मागे गाडी नाही, पंखा नाही, कोणाचं खोकणं नाही.
मी म्हटलं, काऊन बे, जेवली का?

एक. दोन. तीनपर्यंत मोजलं, सवयीनं.

मग एक शिवी आली.
सणसणीत, थेट उमरेडची,
आमच्या घरात कधी न उच्चारलेली.
मी हसलो. डोळे पुसले.
त्या दुपारी तिचा फोन डब्यात होता,
झाकण लावलेलं मी पाहिलं होतं.
ही गोष्ट आम्हा दोघांतच होती.

दिवा मालवताना सदऱ्याच्या खिशाला हात लागला.

माझा फोन
मी कुठं ठेवला होता?