विनियोगाचा तपशील

फॉर्मवर तीन रेघा सोडल्यात :
'मिळालेल्या रकमेचा विनियोग कसा केला
ते थोडक्यात लिहावे.'

फी, लिहिलं.
मेस, लिहिलं.
तिसऱ्या रेघेवर पेन थांबलाय.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा
रविनगरच्या या खोलीत गरम हवा इकडून तिकडे ढकलतोय.

पहिल्या वर्षीचे पैसे मार्चमध्ये आले.
जुलै ते मार्च काय केलं
हे विचारणारी रेघ फॉर्मात नाही.
अकाउंट्सच्या खिडकीतले वाघधरे बाबू
दर सोमवारी विचारायचे,
'काय मॅडम, येऊन रायली का?'
'येऊन रायली, सर.'
जणू स्कॉलरशिप म्हणजे माझी मावशी,
तुमसरहून निघालेली
आणि भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलत बसलेली.

अट साठ टक्क्यांची.
दुसऱ्या सेमिस्टरला एकसष्ट पूर्णांक चार पडले.
वरचे एक पूर्णांक चार
मी त्या रात्री उशाशी घेऊन झोपले.

शाल्मलीचा क्रिस्टलोग्राफीचा पेपर राहिला तेव्हा
ती कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोहे खात
'गेला यार' म्हणाली आणि हसली,
नाकातून पाणी येईपर्यंत. तर्री तिखट होती.
तिच्या घराचा, तिच्या स्कूटीचा
मला कधी हेवा वाटला नाही.
त्या हसण्याचा वाटला.
नापास होऊन एवढं मोकळं हसायला
किती उत्पन्न लागतं
ते तहसीलच्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं.

फुटाळ्याला सगळे निघाले की मी म्हणायचे,
मला नाही आवडत पाणी.
तिसऱ्या वर्षी कुणी विचारेनासं झालं.

चौथ्या सेमिस्टरची फील्ड ट्रिप
डोंगरीच्या मँगनीज खाणीवर गेली.
सरांनी एक दगड हातावर ठेवला, म्हणाले, ओळख.
ओळखला.
आमच्या घरी हा रोज
बाबांच्या बनियनमधून निघायचा,
मोरीत काळा ओघळ होऊन.
'पायरोलुसाइट, सर.'
'कशावरून?'
'हात काळे होतात.'
हे लक्षण पुस्तकातही दिलंय.
बाबांची त्या दिवशी दुसरी पाळी होती.
आमची बस सकाळीच परतणार
हे मी आधी विचारून घेतलं होतं.
त्यांना सांगितलं नव्हतं.

मग जानेवारीत ट्रस्टचा सत्कार.
पत्रात होतं, पालकांना अवश्य आणावे.
बाबा आले, इस्त्री केलेल्या शर्टात, एक तास आधी.
स्टेजवर पुठ्ठ्याचा मोठा चेक
एका बाजूने विश्वस्तांनी धरला, एका बाजूने मी.
फोटोत बाबांचे दोन्ही हात खिशात आहेत.
फोटोग्राफर दोनदा म्हणाला, काका, हात बाहेर.
ते नुसते हसले.

आता तिसरी रेघ.
लिहिते : भिंग, दहापट, एक नग. रुपये तीनशे दहा.

दगड पाहायला घेतलं होतं. पाहिलेही खूप.
पण दिवाळीत घरी, ओसरीवर,
बाबांचा हात ओढून घेतला
आणि अंगठ्याच्या नखाखाली भिंग धरलं.
हात मागे घेतला नाही त्यांनी.
बऱ्याच वेळाने म्हणाले,
'काय दिसून रायलं?'

रेघ संपली.
पावती जोडली आहे.