सतरा रुपये सत्तर पैसे

पासबुकाच्या मशीनने एका दमात
अडीच पानं काळी केली, तेव्हा कळलं.
दर तीन महिन्यांनी, अकरा वेळा,
सतरा रुपये सत्तर पैसे. एसएमएस शुल्क.
मला तर बँकेचा एकही मेसेज आलेला नाही.
खातं माझं, पण नंबर ह्यांचा दिलेला.
ह्यांना जाऊन येत्या आषाढात तीन वर्षं होतील.

मधेच एकशे अठरा. किमान शिल्लक नाही म्हणून.
त्या एकशे अठरांनी शिल्लक आणखी उतरली,
म्हणून पुन्हा एकशे अठरा.
अशी उसवण मी दुकानात रोज बघते,
एक टाका सुटतो
आणि साडी घेऊन आलेली म्हणते,
मी काहीच केलं नाही हो.

दत्तवाडीतून शाखेत पायी गेले, चार वेळा.
पहिल्यांदा म्हणाले, सिस्टीम कापते.
दुसऱ्यांदा खळदकर साहेब रजेवर.
तिसऱ्यांदा म्हणाले, लेखी द्या.
रात्री पिकोचं मशीन झाकून
साडीच्या खोक्यावर कागद ठेवला.
'सदर शुल्काबाबत कळविण्यात आले नव्हते'
हे तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
शेवटी लिहिलं : मला कुणी सांगितलं नाही.

चौथ्यांदा साहेबांनी ते वाचून चष्मा काढला.
"शिल्लकीचे चारशे बहात्तर परत करतो,
आधी कळवायला हवं होतं, बरोबर आहे तुमचं.
पण एसएमएसचे नाही मिळणार. मेसेज पोचलेत ना."
स्क्रीन माझ्याकडे वळवली.
ओळीओळीपुढे : पोचला. पोचला. पोचला.

त्या संध्याकाळी ह्यांचा नंबर लावला.
वर्षश्राद्धापर्यंत अधनंमधनं लावायचे,
बंदच असायचा. मग सोडून दिलं होतं.
लागला.
हडपसरचा कुणी इम्तियाज तांबोळी,
टेम्पो चालवतो, मागे मार्केटयार्डाचा गलका.
मी नाव सांगायच्या आत म्हणाला,
"शेवटी एक्केचाळीस शून्य सात, ते खातं तुमचं का?
बँकेला मी दोनदा सांगितलं, नंबर आता माझाय.
मार्चात बासष्टच रुपये राहिले होते ना तुमचे?"

माझी शिल्लक माझ्या सख्ख्या भावाला माहीत नाही.

गुरुवारी दुपारी काठाला फॉल लावत होते, तर फोन.
"ताई, जमा झाले चारशे बहात्तर.
आत्ताच आला मेसेज."
मागून हॉर्न. तो कुणावर तरी ओरडला, आणि ठेवला.

नंबर बदलायचा अर्ज साहेबांनी तेव्हाच दिलाय.
बॉबिनच्या डब्यात आहे, घडी घालून.
सही झालीय.
एका फॉलचे मी साठ घेते,
त्यात सतरा सत्तर तीनदा बसतात.
तारीख टाकायची राहिलीय.