माया

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
पोर वाढणार, म्हणून कडेला बोटभर माया.
उसवा, सैल करा, पुन्हा टीप मारा.
शहापुरातल्या चार शाळांची पोरं
माझ्या मायेत वाढली.

रेणुकाच्या फ्रॉकला मी दोन बोटं ठेवायचो.
यंदा जूनमध्ये एक उसवलं,
गणपतीत दुसरं,
आणि दसऱ्याआधी ती फ्रॉक उलटा करून उभी राहिली
तेव्हा आत नुसती निघालेल्या टाक्यांची भोकं.
"बाबा, माया संपली?"
तिनं सहज विचारलं.
मी चष्मा पुसत बसलो.

ती रडली की कुंदा. मी ओरडलो की कुंदा.
नंबर आला तर, नाही आला तरी,
पावशेर, पुड्यात, वर माझाच दोरा.
दुकान बंद करायला उशीर झाला म्हणून भजी.
रात्री दहाला, झोपाळलेल्या पोरीला
मी दुसरं काय नेणार होतो?

डॉक्टर हिरेमठ बाईंनी तिला काट्यावर चढवलंच नाही.
म्हणाल्या, "आधी तुम्ही."
मी चप्पल काढली, पाकीट काढलं,
खिशातली कात्रीसुद्धा.
रेणुका हसली. काटा हसला नाही.
मग ती चढली, माझा हात धरून.
"हात सोड गं, बाबांचं वजन तुझ्यात येईल,"
आणि मग माझ्याकडं बघून, हळू,
"तसं आलंयच म्हणा."
उपास नको, तिला वेगळं ताट नको,
घरच बदला, स्वल्प, स्वल्प.
त्यांच्या कन्नडमध्ये याचा अर्थ थोडं थोडं.
मराठी शाळेत हा शब्द मी
फक्त थांबण्यासाठी शिकलो होतो.

आता पहाटे साडेपाचला आम्ही कपिलेश्वरचा पूल चढतो.
पहिल्या दिवशी अर्ध्यातच माझ्या छातीचा भाता झाला.
पोरीसमोर थांबू कसा?
तीच म्हणाली, "बाबा, गाडी बघूया की."
कठड्याला टेकून दोघं रूळ बघत राहिलो.
गाडी नव्हती. सिग्नल लाल.
तीही धापत होती, तोंड पलीकडं करून.
तेव्हापासून रोज तिथं गाडी बघायची.
दमलो असं कुणी म्हणायचं नाही.

मशीनची मोटर मी काढून ठेवलीय.
पाय मारतो. गिऱ्हाइकं विचारतात,
लाईट गेली काय हो?
घरात शैला भात वाटीनं वाढते, सगळ्यांना सारखा.
मी दाबून भरतो, रेणुका चमच्याच्या दांड्यानं
वाटी सपाट करते.
माप माझ्याकडूनच शिकलीय.
येळ्ळूरच्या बारशाला मात्र तीन जिलब्या मी, दोन तिनं.
येताना बसमध्ये एकमेकांकडं बघितलं नाही.
दुसऱ्या दिवशी पूल होता तिथंच होता.

शाळेत तिला कोण काय म्हणतं ते ती सांगत नाही.
एकदा फक्त विचारलं,
"मापाच्या वहीत तुम्ही जाडी असं लिहिता कधी?"
नाही गं. छाती, कंबर, उंची, नाव, तारीख.
गिऱ्हाइकाला विशेषण नसतं.
तिनं गळ्यातली टेप ओढली, मला उभं केलं.
पाठीमागून टेप घ्यायची तर
तिचा गाल माझ्या पोटाला टेकला.
माझा आकडा लिहिला, खाली तिचा,
एकाच पानावर. वर लिहिलं: दुकानातले.
नव्या फ्रॉकला मी दोन बोटं ठेवलीच.
उंच तर होणारच आहे ती.

परवा पुलाच्या पलीकडं उतरायला लागलो
आणि उशिरा ध्यानात आलं,
आज थांबलोच नाही.
तेवढ्यात मागं मिरजेची गाडी वाजली.
"आली, आली!" करत ती उलटी पळाली, चढावर,
आणि चप्पल हातात घेऊन
तिच्यामागं मी.