शर्टातला पुठ्ठा

घडी घातलेल्या शर्टाच्या पोटात
एक पांढरा पुठ्ठा सरकवायचा असतो.
कोपरा दुमडलेला पुठ्ठा बाद.
बाद झालेले सगळे माझे.
त्यांवर मी रोज चार शब्द लिहितो.
पाचवा घेतला की पहिला सांडतो,
हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

रास अल खैमा. हॉटेलचं तळघर.
वरच्या सगळ्या खोल्यांतून म्हणे समुद्र दिसतो.
आमच्याकडे तो टॉवेलांतून येतो:
वाळू, मीठ,
एकदा एक जिवंत खेकडा, बोटाच्या पेराएवढा.

सुरुवात कॉलरमागच्या लेबलांपासून झाली.
डेलिकेट.
श्रिंक.
मग एक आला, मी वाचला ‘व्रिंग’.
कोरेगावहून ईश्वरी हसू दाबत म्हणाली,
पप्पा, रिंग. डब्ल्यू मुका असतो.
पिळू नका, असा अर्थ.
मुका असतो, पण हजेरीला उभा असतो,
मी म्हटलं, आमच्यातले निम्मे तसेच.
तिला ते कळलं नाही.
सहावीत आहे.

माझे वडील कोळशाच्या इस्त्रीवाले.
तोंडात पाणी धरून
फुर्रर्र करून उडवायचे कापडावर.
कोरडी चुणी मोडत नाही, म्हणायचे,
नुसती करपते.
मी शब्द तसाच धरतो तोंडात,
स्टीम प्रेसच्या फुसफुशीत कुणाला ऐकू जात नाही.
नेव्हरदलेस.
रिलक्टंट.
अकॉमोडेशन: दोन सी, दोन एम,
आणि आत आठ माणसं.
रात्री पुठ्ठा घेऊन बसलो की
वरच्या बंकवरून सनीकुट्टी ओरडतो, मास्टर, लाइट!
त्याचा एक शब्द माझ्या चाराला भारी पडतो.

चारशे सहा नंबरची पॅन्ट आली
तिच्या खिशात घडी केलेला कागद होता,
सगळे आकडे, आणि एका आकड्याला लाल गोल,
शेजारी लिहिलेलं: डिस्क्रिपन्सी.
कागद पाकिटात घालून वर पाठवला.
शब्द ठेवून घेतला.
याला चोरी म्हणत नसावेत.

अर्थ तफावत.
म्हणजे हा तर माझ्या ओळखीचाच,
दर महिन्याच्या सात तारखेला भेटणारा,
फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं.

तीन दिवस घोळवला.
चौथ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर
लुझविमिंदा मॅडमच्या टेबलापुढे उभा राहिलो
आणि म्हणालो,
मॅडम, आय हॅव अ डिस्क्रिपन्सी.

त्या खुर्चीसकट मागे सरकल्या.
क्लिनिकला जायचंय का, म्हणाल्या.
फीव्हर आहे?

मग मी पगाराची पावती ठेवली टेबलावर,
ओव्हरटाइमच्या ओळीवर बोट.
सतरा तास लिहिलेत, केलेत सव्वीस.
मॅडम बघत राहिल्या, पावतीकडे,
मग माझ्या बोटाकडे, वाफेनं सोललेल्या.
गळ्यातलं पेन काढलं.
स्पेलिंग? म्हणाल्या.
आणि मी एकेक अक्षर सांगत गेलो
तसं त्यांनी ते तळहातावर लिहून घेतलं,
वर ऑफिसात नेण्यासाठी,
जिन्यात विसरू नये म्हणून.

पुढच्या महिन्यात पैसे आले.
पंचाऐंशी दिरहमांतले बेचाळीस.
त्या रात्री नव्या पुठ्ठ्यावर
एकच शब्द लिहिला, पार्शली,
आणि फोटो काढून पाठवला.

ईश्वरीचा लगेच फोन.
पप्पा, आज एकच? बाकीचे तीन?
म्हटलं, राहू दे आज.
हा अजून नीट ओला झाला नाही.