मात्रा

निपाणीत, तंबाखूच्या वखारीसमोर माझं मेडिकल.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी.
खालची अक्षरं मी दोनदा रंगवली,
वरची एका साहेबानं पट्टी लावून मोजली.

सोनव्वा तळवार समोरच्या वखारीत तंबाखू चाळायची.
चाळणीतून उडालेलं तिच्या छातीत जाऊन बसायचं.
रात्री दमा उठला की सगळं घर उठायचं.
चिकोडीच्या बाजाराला एक डॉक्टर यायचा,
डॉक्टर म्हणजे खुर्ची, पिशवी आणि पांढऱ्या पुड्या,
बिननावाच्या, जुन्या पेपरात बांधलेल्या.
पुडी घेतली की श्वास मोकळा, गुडघे हलके.
सहा महिन्यांत चेहरा फुगल्या भाकरीसारखा गोल.
बायका म्हणायच्या, अंग धरलंस की गं.
मीही म्हणालो असेन.
तिच्या मनगटावर निळे डाग होते. ते पाहिले
आणि सुट्टे मोजून दिले.

मग एका बाजाराला खुर्ची आली नाही.
धाड पडली म्हणे.

तीन आठवड्यांनी ती काउंटरला टेकून उभी.
"उठवत नाही ओ. उभी राहिले की जमीन सरकतीया.
अन्न बघितलं तरी उलटतंय."
मला वाटलं, मला कळलं.
माझ्या बायकोला बारा वर्षं थायरॉईड.
पहाटे उपाशीपोटी एक बारकी गोळी,
मग अर्धा तास चहाशिवाय घर मुकं.
तिलाही असाच थकवा होता, असेच जड डोळे.
चिठ्ठी मी मागितली नाही.
पट्टी कापून दिली. "पहाटे घे, चहाच्या आधी."
उधारीच्या वहीत लिहिलं: सोनव्वा, गोळी.
रक्कम मोकळी सोडली
आणि पुण्य केल्यासारखा दोन घास जास्त जेवलो.

नवव्या दिवशी ती चाळणीवरच कोसळली.
वखारीतल्या बायकांनी
तंबाखूच्या गोणपाटात घालून रिक्षात ठेवली.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर तेरदाळ,
माझ्या मुलीच्या वयाच्या.
कन्नडात सुरू झाल्या, माझं तोंड बघून मराठीत आल्या.
केसपेपरमागं दोन मूत्रपिंडं काढली, घेवड्याच्या दोन बिया,
प्रत्येकीच्या डोक्यावर एक वाकडी टोपी.
"ही ग्रंथी. अडचणीला अंग सावरतं ते हिच्यामुळं.
पुडीत तेच होतं, तयार.
आयतं मिळायला लागलं की ही झोपते.
पुडी थांबली, ही झोपलेलीच.
त्यात तुम्ही गळ्याकडून गाडी पळवलीत.
टाकीत होतं नव्हतं ते जळून गेलं.
आधी हिला सांभाळायचं असतं, गळ्याचं मग बघायचं.
आणि थायरॉईड तिला नव्हताच."
'तुम्ही' म्हणताना त्यांनी आवाज चढवला नाही.
चढवला असता तर बरं झालं असतं.

आता तिच्या गोळ्या माझ्याकडूनच जातात. चिठ्ठीवर.
दर महिन्याला थोडी कमी. अर्धी. अर्ध्याची अर्धी.
ब्लेडनं मीच कापून देतो.
काचेवर पांढरी भुकटी पडते, पुडीतल्यासारखीच,
आणि मी ती लगेच पुसत नाही.
एकदम बंद करायची नाही, कुणी सांगितलं तरी,
ताप आला तर आधी दवाखाना,
हे मी दरवेळी सांगतो, ती दरवेळी ऐकून घेते.

"मात्रे एष्टु?" तिची सून विचारते.
कन्नडात मात्रे म्हणजे गोळी.
आमच्यात मात्रा म्हणजे किती द्यायचं ते.
आणि शाळेत मात्रा म्हणजे
अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ,
जी नसली तर 'देव'चा 'दव' होतो.
पन्नास वर्षं दोन्ही भाषांत हिशेब केला,
हे एकत्र कधी दिसलं नव्हतं.

झोपलेलं कधी उठेल, डॉक्टरांनाही सांगता येत नाही.
वर्ष लागेल. कदाचित जास्त.
सोनव्वाच्या चेहऱ्यात हनुवटी परत आलीय.
बायका आता म्हणतात, वाळलीस की गं.

काल तिनं पैसे मोजून ठेवले, पदर खोचला,
आणि जाता जाता वहीकडं बोट केलं.
"त्या पहिल्या पट्टीचं किती झालं?
लिहा की. मोकळं कशाला ठेवलंय?"