पंधरा आकडे

मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून तो आला,
अंगाला डिझेल आणि बर्फाचा वास,
बांगड्याच्या टोपलीत, जाळ्याच्या तुकड्याखाली
राखाडी मांजर.
'हर्णैला चढली असणार, साहेब.
तीन दिवस पाण्याच्या पिंपामागे होती.
तांडेल म्हणतो, टाक दर्यात.'

मी रीडर फिरवला. मानेवरून, खांद्यावरून.
काही नाही.
चिप कधी कधी सरकते आत,
वाळूतल्या खुब्यासारखी.
पुढच्या डाव्या पायापाशी टुक् वाजलं.
पंधरा आकडे, आणि आकड्यांमागे
नाव: सुरमई.
घर: रुकय्या मुकादम, हर्णै.

फोनवर बाई आधी रागावली,
'कुठे उलथली होती ही बया?'
मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज.
'उद्याच्या पहिल्या एसटीने निघते.
बोंबील देऊ नका तिला, ओकते.'

काम झालं होतं. तो गेला नाही.
टोपी काढून त्याने मान वाकवली,
'इथे पण लावून बघा.'
मी हसलो. तोही हसला,
मान मात्र तशीच.
म्हणून गंमत म्हणून रीडर धरला:
वाळलेलं मीठ, उन्हाने सोललेली कातडी,
एक काळा दोरा.
काही आढळले नाही.

'टेकबहादूर,' तो म्हणाला. 'जिल्हा बझांग, नेपाळ.
लिहून ठेवा कुठेतरी.'
हाताशी केसपेपरच होता.
जनावराचा प्रकार, रंग, अंदाजे वय
या रकान्यांबाहेर, समासात लिहिलं.

दुपारी लाँच सुटली.
सुरमई खिडकीत,
बंदराकडे पाठ करून
अंग चाटत बसली होती.