दोन टोकं

सातवी ब. पंखा बंद करायला सांगितला,
कारण वारासुद्धा स्पर्शच,
आणि आज आम्ही एकच स्पर्श मोजणार होतो.

यू-पिन सरळ करायची, पुन्हा वाकवायची,
दोन टोकं, मध्ये दोन मिलिमीटर,
पट्टीवर धरून. डोळे मिटायचे.
सांगायचं, एक टोचतंय की दोन.

भावेश तांडेलचं बोट म्हणालं, दोन.
त्याचीच पाठ, शर्ट वर करून,
टोकं तीन सेंटिमीटर फाकवली तरी म्हणाली, एक.
वर्ग खदखदला. एवढी रुंद पाठ
आणि दोनापर्यंत मोजता येत नाही!

मी फळ्यावर मेंदूतला माणूस काढला,
सुपाएवढे पंजे, वांग्याएवढे ओठ,
पाठ कशीबशी काडीएवढी.
म्हटलं, जिथून बातमी जास्त येते
त्याला मेंदूत जागा जास्त.
मागच्या बाकावरून आवाज आला,
"मग बाई, कुलाब्यात आमचीच खोली एवढी का?"
मी न ऐकल्यासारखं केलं.
खडू मात्र तुटला.

मग सारिका राठोड.
दोन मिलिमीटर. एक.
चार. एक.
सहा. एक.
मी पिन बदलली. पिनेचा काय दोष.
"लक्ष दे गं जरा."
तिने डोळे आणखी घट्ट मिटले,
कपाळावर आठ्या, हातचा विसरल्यासारख्या.

त्यानंतर ती दरवेळी "दोन" म्हणू लागली.
मी एकच टोक टेकवलं. "दोन."
टेकवलंच नाही. "दोन."
मुलं फिदीफिदी हसायला लागली.

तिचा हात मी माझ्या हातात घेतला
आणि पहिल्यांदा नीट पाहिला.
बोटांची टोकं भिजत घातलेल्या वालांसारखी,
सालं सुटू पाहणारी,
आणि बारीक बारीक चिरा, पेन्सिलीने मारल्यासारख्या.
"किती वाजता उठतेस?"
"तीनला. आईबरोबर ससून डॉकला.
कोळंबी सोलून मग इथं."
बर्फातून हात काढून तिला तास झाला होता.
पाटीमागे किती मिळतात, तेही तिने सांगितलं,
न विचारता, एका दमात,
पाढा म्हणावा तसं.

मला वाटलं, आता ती रडेल.
ती म्हणाली, "गालावर बघा ना."
गालावर: दोन. एक. एक. दोन.
सगळी बरोबर.
"बोटं झोपलीत बाई, मी नाही."

पुढचा प्रयोग वाटाण्याचा.
मधलं बोट तर्जनीवर चढवायचं,
त्या फटीत वाटाणा फिरवायचा,
एकाचे दोन वाटतात.
या वेळी डोळे मी मिटले, वाटाणा तिच्याकडे.
आणि खरंच, दोन.
एकच आहे हे मला माहीत, मीच तो डब्यातून आणलेला,
तरी बोटं हट्टाने सांगत राहिली, दोन, दोन,
आणि मेंदू त्यांचंच ऐकत राहिला.
"बाई, तुमचंपण चुकतंय!"
इतकी हसली की वाटाणा बाकाखाली गेला.

तक्त्यात सरासरी काढायची होती.
सूचना अशी की फार वेगळं उत्तर असेल तर सोडून द्यावं.
मी पेन बराच वेळ त्या रकान्यावर धरलं.
मग लिहिलं: सारिका, सहा मिलिमीटरला एक.
कंसात: सकाळी आठ, बर्फानंतर एक तास.
सरासरी बिघडली. बिघडू दे.

जुलैत मासेमारीला बंदी,
बोटी धक्क्याला, डॉकवर शुकशुकाट.
बावीस तारखेला तिला वर्गाबाहेर बोलावलं,
तीच पिन, तीच पट्टी.
बोटं कोरडी, तांबूस, चिरा मिटत आलेल्या.
तीन मिलिमीटर. तिने थांबून विचार केला.
"दोन."
पुन्हा. "एक." पुन्हा. "दोन."
एकदाही चुकली नाही.

मी शाबास म्हणणार होते.
तिने बोट तोंडात घातलं, चोखलं, म्हणाली,
"बाई, आता लई टोचतं."
बंदी उठायला नऊ दिवस होते.